अंतराळात जाणं स्वस्त झालं, याने माणसाचं भलं होईल का?

प्रश्न असा आला आहे: "रॉकेट परत उतरवून पुन्हा वापरायला लागल्यापासून अंतराळात जाणं खूप स्वस्त झालं म्हणतात. याचा मानवजातीला खरंच उपयोग आहे, की फक्त चार श्रीमंत कंपन्यांचं भलं होतंय? मी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव जुन्नर तालुक्यात. घरचे विचारतात, यात आपल्या शेतकऱ्याला काय मिळणार? आणि मी या क्षेत्रात यावं का?"

माझं उत्तर हो असं आहे. मी आधी रेडिओ यंत्रणांवर आणि नंतर बरीच वर्षं उपग्रहचित्रांवर काम करत आलो आहे, त्यामुळे या स्वस्ताईने काय बदललं ते रोजच्या कामात दिसतं. पण तिचा हिशोब अर्धाच मांडला जातो. वर जायचं भाडं उतरलं, हे खरं. वर गेलेल्या उपग्रहाचा उपयोग खाली शेताच्या बांधापर्यंत आणायचा खर्च मात्र फारसा उतरलेला नाही, आणि वर साचणाऱ्या कचऱ्याचा खर्च तर अजून कुणाच्या नावावर पडलेलाच नाही. हे दोन्ही खर्च कोण उचलतो, त्यावर तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ठरणार आहे.

आधी भाड्याचं. अमेरिकेच्या स्पेस शटलचा सगळा खर्च धरला, तर एक किलो वजन पृथ्वीजवळच्या कक्षेत न्यायला पन्नास हजार डॉलरच्या वर लागत. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटच्या जाहीर किमतीवरून तोच आकडा तीन हजार डॉलरच्या आसपास येतो. डिसेंबर २०१५ मध्ये या रॉकेटचा पहिला टप्पा पहिल्यांदा सुखरूप जमिनीवर उतरला, मार्च २०१७ मध्ये असा वापरलेला टप्पा पुन्हा उडाला, आणि २०२४ या एका वर्षात त्याची १३० हून जास्त उड्डाणं झाली. हे अभियांत्रिकीचं फार मोठं यश आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र त्यातली बहुतेक उड्डाणं कंपनीच्या स्वतःच्या, इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांसाठी होती. दुसऱ्या कुणाचा छोटा उपग्रह सामायिक उड्डाणात न्यायचा दर काही वर्षांपूर्वी किलोला ५,००० डॉलर होता, तो आता ६,००० च्या पुढे गेलाय. कंपनीचा स्वतःचा खर्च कमी झाला, पण गिऱ्हाइकाचं भाडं चढलं. समोर तोलामोलाचा कुणी नसला की असंच होतं. म्हणूनच इस्रोची पीएसएलव्ही आणि नवी, छोटी एसएसएलव्ही ही रॉकेटं, आणि स्कायरूट, अग्निकुल यांच्यासारख्या नव्या भारतीय कंपन्या टिकणं मला गरजेचं वाटतं. एसएसएलव्हीचं ऑगस्ट २०२२ मधलं पहिलं उड्डाण फसलं, फेब्रुवारी २०२३ मधलं दुसरं जमलं. पाचशे किलोपर्यंतचा उपग्रह ती नेते, आणि छोट्या देशांना, छोट्या संस्थांना लागतात ते उपग्रह याच वजनातले असतात.

किलोमागचा दर उतरला की फक्त बिल कमी होतं असं नाही, उपग्रह बनवायची पद्धतच बदलते. वजन महाग असतं तेव्हा अभियंता ग्रॅम-ग्रॅम वाचवतो. प्रत्येक ब्रॅकेट आतून पोखरलेला, प्रत्येक भाग वर्षानुवर्षं तपासलेला, इलेक्ट्रॉनिक्स जुनी पण आजमावलेली, कारण बिघाड झाला तर दुसरी संधी नाही. त्यातून उपग्रह आणखी महाग होतो, आणि महाग आहे म्हणून आणखी तपासला जातो. पुणे जिल्ह्यातच वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटांचे मोटर केसिंग बनतात. उड्डाणं वर्षाला मोजकी, म्हणून जॉबही मोजके. लॉट लहान असला की सेटिंग, जिग, तपासणी हा सगळा खर्च त्या थोड्या नगांवरच बसतो, हे भोसरी-चाकणला काम केलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. उड्डाणं वाढली की लॉट वाढतो, आणि दर तिथे उतरायला लागतो. वजनाची धास्ती गेली की भाग थोडा जड पण साधा करता येतो, बाजारातली चांगली इलेक्ट्रॉनिक्स वापरून बघता येते, आणि दहातला एक उपग्रह बंद पडला तरी काम थांबत नाही.

शिकण्याच्या दृष्टीने तर हा फरक मोठाच आहे. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा जेमतेम किलोभराचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीच्या एका उड्डाणात इतर उपग्रहांबरोबर गेला. विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या त्यावर राबल्या. एका मोठ्या उपग्रहाच्या शेजारी अशी छोटी जागा मिळते, म्हणूनच विशीतल्या मुलामुलींना आपल्या हातचं सर्किट कक्षेत चालताना बघता येतं.

आता तुमच्या घरच्यांचा प्रश्न. जुन्नर-आंबेगावकडे वाटण्या होत होत वावरं लहान झाली आहेत. वीस गुंठ्यांचं कांद्याचं वावर घेऊ. वीस गुंठे म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर, म्हणजे ४५ मीटर लांब, ४५ मीटर रुंद. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक पिक्सेल, म्हणजे एक ठिपका, १० मीटर बाय १० मीटरचा. कागदावर त्या वावरात वीस पिक्सेल बसतात. प्रत्यक्षात पिक्सेलच्या रेषा आपल्या बांधाला धरून चालत नाहीत. कडेच्या पिक्सेलमध्ये थोडा कांदा, थोडा शेजारचा ऊस, मधला बांध आणि बांधावरचं झाड असं सगळं मिसळून येतं. ते पिक्सेल टाकून दिले की निव्वळ कांद्याचे नऊ-दहा हाती राहतात. वावराच्या एका कोपऱ्यात करपा सुरू झाला, तर तो फार तर एखाद्या-दुसऱ्या पिक्सेलमध्ये दिसेल, आणि एवढ्याशा फरकावरून रोग आहे की नुसता चित्रातला गोंगाट, हे मी सांगू शकणार नाही. हेच वावर तीन मीटरच्या पिक्सेलने बघितलं तर सव्वादोनशे पिक्सेल होतात. सगळी कड काढून टाकली तरी दीडशेच्या वर उरतात. आता करप्याचा पट्टा ठिपक्यांच्या झुबक्यासारखा वेगळा उठून दिसतो, आणि चार दिवसांनी तो कोणत्या बाजूला सरकला तेही कळतं.

असं तीन मीटरच्या आसपासचं जवळजवळ रोजचं चित्र प्लॅनेट या कंपनीचे पाचेक किलो वजनाचे उपग्रह देतात. १५ फेब्रुवारी २०१७ ला आपल्या पीएसएलव्हीने एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले, ते तुम्हाला माहीत असेलच. त्यातले ८८ या कंपनीचे होते. असा उपग्रह काही वर्षांत खाली येऊन जळून जातो आणि त्याच्या जागी नवा पाठवावा लागतो. भाडं जुनंच राहिलं असतं तर ही कल्पना कुणी मनातही आणली नसती. म्हणजे स्वस्त उड्डाणातून थेट वीस गुंठ्यांपर्यंत येणारी एक वाट आहे, आणि ती मी स्वतः वापरली आहे.

पण इथेच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही रोजची चित्रं विकत घ्यावी लागतात. माझ्या कामाचा बराच भार आजही फुकट मिळणाऱ्या चित्रांवर आहे: २००८ पासून खुली झालेली अमेरिकेच्या लँडसॅटची, आणि सुरुवातीपासूनच सगळ्या जगाला खुली असलेली सेंटिनेलची. हे उपग्रह स्वस्त नव्हते. त्यांची चित्रं फुकट झाली ती सरकारांनी तसं ठरवलं म्हणून. आपल्या २०२३ च्या अंतराळ धोरणातही इस्रोच्या उपग्रहांची पाच मीटर किंवा त्याहून ढोबळ चित्रं खुली ठेवायचं म्हटलं आहे, आणि तो चांगला निर्णय आहे. शेतकऱ्याला आजवर सर्वात जास्त फायदा कशाने झाला असं मला विचाराल, तर मी स्वस्त रॉकेटच्या आधी खुल्या माहितीचं नाव घेईन.

त्याच्याही पुढची अडचण जमिनीवरची आहे. समजा, तुमच्या वावरातलं नुकसान उपग्रहाने अगदी स्वच्छ टिपलं. पीक कापणी प्रयोगावर आधारलेली विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. मंडळाची सरासरी बरी निघाली, तर तुमच्या वावरात गारपिटीने काहीही झालेलं असो, वरचं चित्र खालच्या कागदाला लागू होत नाही. मी हे अनेकदा बघितलंय. चित्र अचूक असतं, शेतकरी समोर बसलेला असतो, आणि त्या चित्राला टेकवायला नियमात जागा नसते. उपग्रह बांधापर्यंत आला, कार्यालय मंडळापाशी थांबलं. हे अंतर रॉकेट कितीही स्वस्त झालं तरी आपोआप मिटणार नाही. त्यासाठी कृषी खातं, विमा कंपन्या आणि आमच्यासारखे लोक एकत्र बसावे लागतील, गावोगाव जाऊन चित्र आणि प्रत्यक्ष पीक पडताळून बघावं लागेल, आणि त्याला पैसे लागतील.

दरडींचा विषय मला जास्त जवळचा आहे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळे, नेहमीच्या जागी गाव दिसेना म्हणून. पावसाळ्यात सह्याद्रीवर आठवडे-आठवडे ढग असतात, साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खालचं काही दिसत नाही. रडारचा उपग्रह ढगांतून बघतो. एकाच जागेवरून वेगवेगळ्या दिवशी घेतलेली दोन रडारचित्रं ताडून पाहिली, तर डोंगराचा उतार काही मिलिमीटर सरकला असला तरी कळू शकतं. पण युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची तरंगलांबी साडेपाच सेंटीमीटर, आणि ती लहर पानांवरच विखुरते. सह्याद्री नेमका तेव्हाच हिरवागार असतो. ज्या महिन्यांत माहिती हवी, त्याच महिन्यांत ती धूसर होते. इस्रो आणि नासा यांनी मिळून केलेल्या निसार उपग्रहाच्या एल-बँड रडारची तरंगलांबी सुमारे २४ सेंटीमीटर आहे, ती झाडीतून बरीच खाली पोचते. निसार श्रीहरिकोट्याहून उडाला तो दिवस ३० जुलै २०२५. माळीणला त्या दिवशी अकरा वर्षं पूर्ण झाली. आमच्यापैकी ज्यांनी माळीणची चित्रं हाताळली होती, त्यांच्या ही तारीख लगेच लक्षात आली.

निसार तीच जागा बारा दिवसांनी पुन्हा बघतो. जुलैतल्या सह्याद्रीत बारा दिवसांत फार काही घडून जातं. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडी गेली. शिवाय काही उतार आधी हळूहळू सरकतात, काही मात्र मुसळधार पावसात एकदम सुटतात, आणि दुसऱ्या प्रकारात उपग्रहाला आगाऊ खूण सापडेलच असं नाही. उपग्रह असता तर माळीण वाचलं असतं, असं मी कुणाला सांगणार नाही. पण धोक्याचे उतार कोणते, कोणत्या वाड्यांना पावसाआधी हलवायला हवं, हे ठरवताना दर दोन-तीन दिवसांचं रडारचित्र हाताशी असलं तर फार फरक पडेल. तेवढी वारंवारता एका मोठ्या उपग्रहाने येत नाही. त्याला छोट्या उपग्रहांचा ताफा लागतो. आपल्या २०१२ मधल्या रिसॅट-१ चं वजन १,८५० किलोच्या पुढे होतं. सहा वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, फिनलंडच्या आइसआय कंपनीचा शंभर किलोच्या आतला रडार उपग्रह आपल्याच पीएसएलव्हीवरून गेला. चित्राच्या दर्जात दोघांची बरोबरी नाही, पण असे डझनभर उपग्रह वर ठेवणं आता कुणाला वेडेपणाचं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मी कामातून शिकलो. दरापेक्षा कधीकधी वेळेवर रॉकेट मिळणं जास्त मोलाचं असतं. डिसेंबर २०२१ मध्ये सेंटिनेल-१ बी बंद पडला. त्याच्या जागी जायचा सेंटिनेल-१ सी तयार होत होता, पण युरोपचं वेगा-सी रॉकेट डिसेंबर २०२२ मध्ये अपयशी ठरलं आणि जमिनीवर अडकलं. नवा उपग्रह वर गेला थेट डिसेंबर २०२४ मध्ये. जगभरचे पूर, दरडी, बर्फ आणि भूकंप मोजणाऱ्यांनी तीन वर्षं निम्म्या डोळ्याने काम केलं. उड्डाणं मुबलक असती तर ही वेळ आली नसती.

इंटरनेटबद्दल थोडक्यात. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतल्या ज्या पाड्यांवर फायबर पोचायला अजून वेळ लागेल, तिथली आश्रमशाळा आणि आरोग्य उपकेंद्र उपग्रहाने जोडलं जात असेल, तर ते नक्कीच चांगलं आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये त्यासाठी स्टारलिंकशी इरादापत्रही केलं. मला काळजी एवढीच वाटते की दळणवळणाची नाडी एका परक्या कंपनीच्या हाती राहू नये. पर्याय हवाच.

आता त्या खर्चाकडे येतो, जो अजून कुणी भरत नाही. तुम्ही जुन्नरचे, म्हणून खोडदपासूनच सुरुवात करतो. तुमच्या भागाचं अंतराळाशी नातं तसं जुनं आहे. परदेशी फोन आणि दूरचित्रवाणीचे संकेत उपग्रहामार्फत आणणारं देशातलं पहिलं व्यापारी भूकेंद्र १९७१ मध्ये आर्वीला उभं राहिलं. पुढे खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आली: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरभर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव तबकड्यांऐवजी स्टेनलेस स्टीलच्या तारांची बारीक जाळी दोरांवर ताणून बसवली. त्यामुळे वजन उतरलं, वाऱ्याचा जोर कमी लागू लागला, आणि एवढी मोठी दुर्बीण आपल्या देशाला परवडली. स्वस्तात करण्याची बुद्धी ही विज्ञानाची मोठी ताकद आहे, आणि तिचं एक उत्तम उदाहरण तुमच्या घरापासून फार लांब नाही.

या दुर्बिणीला शांतता लागते, रेडिओची शांतता. विजेच्या खांबावरचा इन्सुलेटर तडकला की तिथे बारीक ठिणगी पडत राहते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण दुर्बिणीला ती दूरच्या आकाशगंगेपेक्षा कितीतरी प्रखर भासते. मग गाडीत यंत्र घेऊन, हातात दिशा दाखवणारी अँटेना धरून, उसाच्या कडेकडेने एकेक खांब तपासत जायचं. अँटेना फिरवली की आवाज चढतो, उतरतो, आणि शेवटी एका खांबाखाली तो सर्वात मोठा येतो. मग वायरमनला सांगून तो इन्सुलेटर बदलून घ्यायचा. एवढी काळजी घेतली जाते. अलीकडे पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा मार्गही दुर्बिणीला बाधा होईल म्हणून बाजूला ठेवला गेला. त्या पट्ट्यातल्या लोकांना त्याचं वाईट वाटलं, आणि ते मला समजतं. रेल्वे ही त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची, शेतमालाच्या बाजाराची गोष्ट आहे.

मग आकाशातून जे येतं त्याचं काय? नेदरलँड्समधल्या लोफार दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवून दिलं की स्टारलिंकच्या उपग्रहांमधल्या इलेक्ट्रॉनिक्समधून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ लहरी गळतात. पुढच्या वर्षी नव्या पिढीच्या उपग्रहांची गळती कितीतरी पट जास्त निघाली, काही वेळा ३२ पटींपर्यंत. खोडदच्या दुर्बिणीचा सर्वात खालचा पट्टा १२५ ते २५० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे दोन्ही एकमेकांवर येतात. ही गळती हेतुपुरस्सर केलेलं प्रसारण नाही, त्यामुळे आंतरराष्ट्रीय नियमांत तिला धड मर्यादाच घातलेली नाही. रेल्वेला दुर्बिणीची परवानगी घ्यावी लागते, तडकलेला इन्सुलेटर बदलावा लागतो, आणि डोक्यावरून जाणाऱ्या हजारो उपग्रहांना मात्र कुणी काही विचारत नाही. जुन्नरच्या माणसाने रेल्वेची किंमत मोजली, तर उपग्रहवाल्या कंपनीने शिल्डिंगचा, म्हणजे लहरी आतच अडवणाऱ्या आवरणाचा, चार पैशांचा खर्च का मोजू नये? हा प्रश्न मी जिथे जातो तिथे विचारतो. गळती थांबवणं तांत्रिकदृष्ट्या जमण्यासारखं आहे, फक्त ते बंधनकारक केलं पाहिजे.

कचऱ्याचा प्रश्न याहून जुना आहे. पृथ्वीजवळची कक्षा गावच्या गायरानासारखी आहे: कुणा एकाच्या मालकीची नाही, लागते सगळ्यांना, आणि ज्याची गुरं जास्त तो ती आधी खाऊन मोकळा होतो. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकी कंपनीचा इरिडियम ३३ आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस २२५१ हे उपग्रह सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले आणि माग ठेवता येतील असे दोन हजारांहून जास्त तुकडे झाले. त्याआधी २००७ मध्ये चीनने क्षेपणास्त्राने स्वतःचाच हवामान उपग्रह फोडला, त्याचे तीन हजारांच्या वर. एवढ्या उंचीवर हवा जवळजवळ नसतेच, त्यामुळे त्यातले कित्येक तुकडे पुढच्या पिढ्यांपर्यंत फिरत राहतील. एक ते दहा सेंटीमीटरचे तुकडे आज दहा लाखांच्या वर असावेत असा युरोपीय अंतराळ संस्थेचा अंदाज आहे. सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने येणारा सुपारीएवढा तुकडा अख्खा उपग्रह निकामी करतो. उपग्रह फोडून दाखवायच्या चाचण्या कुणीही करू नयेत, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यात आपणही आलो.

वरचा कचरा कधीकधी खालीही येतो. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या आकाशातून जळत्या रेषा जाताना हजारो लोकांनी बघितल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आसपास धातूचे गोळे सापडले. चीनच्या लाँग मार्च रॉकेटच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असं अभ्यासकांचं मत पडलं. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वेळी जमिनीवर झालेल्या नुकसानीची पूर्ण जबाबदारी रॉकेट सोडणाऱ्या देशावर असते. उड्डाणं शेकड्यांनी वाढली की हा करार नुसता कागदावर ठेवून चालणार नाही.

आपण काय करू शकतो, याचं एक चांगलं उदाहरण इस्रोने घालून दिलं. मेघा-ट्रॉपिक्स-१ हा भारत-फ्रान्सचा हवामान उपग्रह काम संपल्यावर तसाच सोडला असता, तर शंभरावर वर्षं वर फिरत राहिला असता. त्यात उरलेलं इंधन वापरून ७ मार्च २०२३ ला त्याला ठरवून पॅसिफिक महासागरावर खाली आणलं. तो मुळात या कामासाठी बनवलेलाही नव्हता. २०३० पर्यंत भारताच्या सगळ्या मोहिमा कचरामुक्त करायचा संकल्पही आपण जाहीर केला आहे. अमेरिकेने २०२२ मध्ये काम संपल्यावर पाच वर्षांत उपग्रह खाली आणायचा नियम केला. आधी पंचवीस वर्षांची सवलत होती. मला याच्या पुढे जावंसं वाटतं. प्रत्येक उपग्रहामागे परवान्याच्या वेळीच अनामत रक्कम भरून घ्यावी आणि उपग्रह सुरक्षित खाली आला की ती परत द्यावी. किलोमागचा दर त्याने थोडा चढेल. चढू द्या. आजचा दर कमी दिसतो, त्याचं एक कारण सफाईचा खर्च त्यात धरलेलाच नाही.

वातावरणाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे शास्त्र अजून घडतंय. केरोसीनवर चालणाऱ्या रॉकेटांची काजळी थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या वरच्या थरात, जाते, तिथे पाऊस नाही, म्हणून ती बराच काळ टिकते. खाली येऊन जळणारे उपग्रह ॲल्युमिनियम मागे सोडतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत स्थितांबरातल्या गंधकाम्लाच्या कणांपैकी सुमारे दहा टक्क्यांत अंतराळयानांमधले धातू सापडले. ओझोनवर आणि तापमानावर याचा नेमका काय परिणाम होईल, ते मोजण्याचं काम उड्डाणं दसपट व्हायच्या आत झालं पाहिजे.

"गरीब देशाने अंतराळावर खर्च कशाला?" हाही प्रश्न घरच्यांच्या मनात असेल. चक्रीवादळाचा इशारा, पावसाचा अंदाज, मच्छीमारांना मिळणारी माहिती यांनी तो खर्च केव्हाच भरून निघाला आहे. त्यावर मी जास्त वेळ घालवत नाही.

आणि तुम्ही या क्षेत्रात यावं का? जरूर या. बहुतेक विद्यार्थ्यांना रॉकेटच्या इंजिनावरच काम करायचं असतं, आणि ते काम आहेच. पण सर्वात जास्त माणसं कमी पडतात ती मधल्या जागेत: उपग्रहाचं चित्र आणि तलाठी कार्यालय यांच्या मधे, रडारचा सिग्नल आणि वाडी हलवायचा निर्णय यांच्या मधे, उपग्रहाचं सर्किट आणि त्याची रेडिओ गळती यांच्या मधे. या तिन्ही कामांना पुणे सोडायची गरज नाही. आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था, पाषाणची उष्णकटिबंधीय हवामान संस्था, हवामान खातं, सी-डॅक, सगळं इथेच आहे.

सुरुवात उद्याही करता येईल. सेंटिनेलची चित्रं देणाऱ्या कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडा आणि तुमच्या गावावरचं सेंटिनेल-२ चं जानेवारीतलं चित्र उतरवा. घरच्या वावराचे कोपरे मोबाईलवर नोंदवून ते त्या चित्रावर बसवा. किती पिक्सेल निव्वळ तुमच्या पिकाचे आहेत ते मोजा, मग वडिलांना बरोबर घेऊन बांधावर जा आणि चित्रात फिकट दिसलेला कोपरा प्रत्यक्षात कसा आहे ते बघा. पाणी कमी पडलंय, माती उथळ आहे की रोग आहे, हे त्यांना तुमच्याआधी कळेल. त्यांनी सांगितलेलं तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या ऑगस्टमधली चित्रं बहुतेक ढगाळ निघतील, तेव्हा त्याच वावरावर सेंटिनेल-१ चं रडारचित्र घ्या आणि अडलात की मला लिहा.